जमिनीखालची गाडी आणि औट्रम घाट

मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका पुरी झाली. स्थानकं २७, त्यातली २६ जमिनीखाली, खर्च ३७,२७६ कोटी रुपये. हा शेवटचा आकडा बातम्यांत झळकला आणि आमच्याकडे जळगाव-धुळ्यात चहाच्या टपरीपासून वकिलांच्या चेंबरपर्यंत एकच त्रैराशिक मांडलं जाऊ लागलं. मनमाड–इंदूर रेल्वेमार्ग ३०९ किलोमीटरचा, मंजूर खर्च १८,०३६ कोटी. म्हणजे मुंबईच्या एका भुयारात आमचे दोन मनमाड–इंदूर बसतात आणि वर बाराशे कोटी उरतात. चाळीसगावच्या फलाटावर धुळ्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका आजोबांनी तर अख्खा अर्थसंकल्प एका वाक्यात गुंडाळला: "मुंबईले जमीनखाल गाडी, आन् आमले जमीनवर बी नही!"

शेरा फक्कड आहे. चाळीसगाव–धुळे शाखेवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभतोही. पण त्या त्रैराशिकावर आमच्या भागाचं सगळं राजकारण उभं राहायला लागलं की काळजी वाटते, कारण मुंबईला नेमकं काय मिळालं हेच आपण चुकीचं मोजतोय. पैसा मिळाला, वादच नाही. पण खानदेशात पैसा मंजूर होऊनही कामं दशकानुदशकं लोंबकळतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. तेव्हा नुसता पैसा हे पुरतं उत्तर नव्हे. भुयारी मेट्रोला धनी मिळाला. ज्याच्या नावाने बोटं मोडता येतील, ज्याला तारीख विचारता येईल, तारीख चुकली की ज्याला खुलासा करावा लागेल, असा धनी. तो आपण आपल्या कामांसाठी कधी मागितल्याचं मला आठवत नाही. आपण मागतो ते 'भरीव निधी'. मग निधीची घोषणा होते, फटाके फुटतात, आणि काम कुणाचं हे विचारायला गेलं की प्रत्येक जण पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

पैशाचं आधी उरकून घेऊ. मेट्रोच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग हे जपानच्या 'जायका' संस्थेचं कर्ज आहे. ते कर्ज त्या प्रकल्पासाठी, त्याचा सविस्तर आराखडा तपासून दिलेलं. मुंबईची मेट्रो झाली नसती तर तोच पैसा शिरपूरला किंवा शिंदखेड्याला आला असता, असं समजण्यात काही अर्थ नाही. शिवाय भुयाराचा दर उघड्या रानातल्या रुळांशी लावणं म्हणजे निव्वळ करमणूक. मेट्रोला किलोमीटरमागे अकराशे कोटींच्या वर खर्च आला, मनमाड–इंदूरला साठ कोटींच्या आत येईल. पण एकीकडे जमिनीच्या पोटात बांधलेली सव्वीस स्थानकं आहेत आणि दुसरीकडे बरीचशी शेतजमीन. तुलना करायचीच तर पैशाची नको. काम कसं चाललं याची करावी, आणि ती करायची तर या मार्गिकेचा इतिहास थोडा उलगडून बघावा लागतो.

मुंबई महानगरासाठी २००४ मध्ये मेट्रोचा बृहत् आराखडा तयार झाला. नऊ मार्ग, एकूण १४६.५ किलोमीटर. त्यात कुलाब्याहून निघणारा मार्ग माहीमवरून चारकोपला, म्हणजे पश्चिम उपनगरातल्या वस्तीकडे जाणार होता. पुढे तो वांद्र्याहून वळला आणि वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, मरोळ, एमआयडीसी करत सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीपर्यंत गेला. हे वळण बोलकं आहे. माणसं राहतात तिकडे जाणारा मार्ग, माणसं कामाला जातात तिकडे ओढला गेला. मुंबईत लोकल गाड्या आहेतच, पण काळबादेवी, गिरगाव, वरळी, संकुल, विमानतळ यांना रूळ शिवत नव्हते. लोकलने उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सीत जीव घालवायचा. त्या ठिकाणांना एका दोऱ्यात ओवणारा हा मार्ग आहे. दक्षिण मुंबईत वर खांब रोवायला जागाच नाही, म्हणून तो जमिनीखाली गेला.

आपल्याकडचे लोक समजतात की मुंबईत दगड ठेवला की काम होतंच. तर ही एक गोष्ट ऐका. चारकोप–वांद्रे–मानखुर्द या मेट्रोची पायाभरणी ऑगस्ट २००९ मध्ये झाली, आणि ती केली होती आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटलांनी. त्या तेव्हा राष्ट्रपती होत्या. देशातलं सर्वोच्च पद, मुंबई शहर, खासगी कंपनीशी केलेला रीतसर करार, सगळं होतं. पाच वर्षं काही हललं नाही आणि २०१४ मध्ये करारच रद्द झाला. तो मार्ग नंतर तुकडे पाडून, नव्याने आखून, वेगळ्या यंत्रणेकडून बांधायला घ्यावा लागला. त्याआधीची पहिली मेट्रो, वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर, ८ जून २०१४ ला धावली खरी, पण भाडं किती घ्यायचं यावरून सरकार आणि कंपनी कोर्टात उभे. तेव्हा मुंबईतही कोनशिला अनाथ होतात. राष्ट्रपतींच्या हातची कोनशिलासुद्धा.

तिसऱ्या मार्गिकेचं, म्हणजे या भुयारी मेट्रोचं, तसं झालं नाही. केंद्र आणि राज्य यांची अर्धी-अर्धी भागीदारी असलेली मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन ही कंपनी याच एका मार्गासाठी कामाला लागली. राज्याची मंजुरी २०१२ ची, केंद्राची २०१३ ची, त्याच वर्षी जायकाशी कर्जाचा पहिला करार. मग सात भागांत वाटून कंत्राटं, आणि २०१७ पासून भुयार खणायला सुरुवात. या कंपनीला दुसरं काम नव्हतं. धरण नाही, पूल नाही, निवडणूक ड्यूटी नाही. सकाळी उठून एकच प्रश्न: काल किती मीटर पुढे गेलो?

ते मीटर कसे मोजले जायचे हे जवळून समजून घेण्यासारखं आहे. खणायचं यंत्र म्हणजे लांबच लांब पोलादी नळकांडं. तोंडाशी एक प्रचंड चक्र, त्यावर दात आणि कापणारी चाकं. ते फिरत फिरत समोरचा कातळ कुरतडतं, चुरा मागच्या पट्ट्यावरून बाहेर जातो. यंत्राच्या पोटातच काँक्रीटचे वक्र तुकडे एकमेकांना जोडून भुयाराचं कडं तयार होतं, आणि त्या कड्यालाच रेटा देऊन यंत्र पुढे सरकतं. पुन्हा कातळ, पुन्हा कडं. मुंबईचा दगड म्हणजे बसाल्ट आणि त्याच्यासारखेच ज्वालामुखीतून आलेले थर. आपल्याकडे पारोळा-चाळीसगावकडच्या शेतकऱ्यांनी विहिरी खणताना ज्याच्यावर सुरुंग लावले तो काळा पाषाण याच कुळातला. धारावी आणि संकुल यांच्यामध्ये तर हे भुयार मिठी नदीच्या खालून जातं. काळबादेवी-गिरगावात वरचे रस्ते इतके चिंचोळे की फलाट यंत्राने नव्हे, वेगळ्या पद्धतीने थोडं थोडं खोदून, लगेच आधार देत काढावे लागले.

अशी सतरा यंत्रं होती आणि त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती. वैतरणा, सूर्या, तानसा, गोदावरी, कृष्णा, वैनगंगा. आणि हो, तापी. आपली तापी मुंबईखाली भुयार खणून, काम संपवून मोकळी झाली. इकडे खऱ्या तापीवर अमळनेरजवळ पाडळसे धरणाचं बांधकाम किती पिढ्यांच्या निवडणुकांना पुरलं, ते अमळनेर-चोपड्याच्या लोकांना विचारावं. मी यंत्राच्या नावावरून भावुक होणाऱ्यांतला नाही, पण एवढा टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही.

मुद्दा असा की प्रत्येक यंत्र एका स्थानकाची भिंत फोडून बाहेर आलं की अशी ती कितवी वेळ, हे कंपनी जाहीर करायची; तीच यंत्रं पुन्हा पुन्हा आरपार जायची. पहिलं यंत्र सप्टेंबर २०१८ मध्ये बाहेर पडलं. बेचाळिसावी आणि शेवटची वेळ ३० नोव्हेंबर २०२२ ला, महालक्ष्मीला. अशा वेळा एकूण बेचाळीस येणार हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे सव्विसावी झाली की उरल्या सोळा, हे शाळकरी पोरालाही कळत होतं. आता मला सांगा, मनमाड–इंदूर मार्गासाठी मालेगाव, धुळे, शिंदखेडा, शिरपूर या तालुक्यांत किती गटांची जमीन लागणार, त्यातल्या किती गटांचे निवाडे झाले, किती शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे पडले, हे महिन्याच्या महिन्याला कोण सांगतं? बातमी येते ती खासदारांनी दिल्लीत मंत्र्यांची भेट घेतल्याची, हातात निवेदन, मागे फुलांचा गुच्छ.

या मार्गाची कहाणी मेट्रोच्या कहाणीला समांतर ठेवून वाचली की चित्र स्वच्छ दिसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे मेट्रोचं पहिलं यंत्र बाहेर पडण्याच्या महिनाभर आधी, मनमाड–इंदूरसाठी सामंजस्य करार झाला. जहाज वाहतूक मंत्रालय, मुंबईजवळचं जेएनपीटी बंदर, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशी सगळी मंडळी एकत्र आली, खर्चाचे वाटे ठरले, अंतर ३६२ किलोमीटर. कागदावर हीसुद्धा भागीदारीच होती. १६ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधान धुळ्यात आले आणि त्यातल्या धुळे–नरडाणा टप्प्याची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात भुसावळ–वांद्रे खानदेश एक्सप्रेसला हिरवा झेंडा दाखवला गेला. गाडी धावली, कारण रूळ होते आणि गाडी सोडणारी रेल्वे होती. मार्गाचं मात्र पुन्हा पहिल्यापासून. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती नव्या आखणीच्या ३०९ किलोमीटरला, पूर्ततेचं वर्ष २०२८-२९. दरम्यान मुंबईत सगळी भुयारं खणून झाली होती आणि पहिला टप्पा महिनाभरात धावणार होता.

म्हणजे कंपनी काढा, करार करा, सगळं सुरळीत होईल असंही माझं म्हणणं नाही. २०१८ च्या करारात भागीदार चिक्कार होते, पण त्यातल्या एकालाही सकाळी उठून मनमाड–इंदूर आठवत नव्हता. बंदरवाल्यांना बंदर, राज्यांना आपापले रस्ते, रेल्वेला आपली हजार कामं. मनमाड मध्य रेल्वेत, इंदूर पश्चिम रेल्वेत, जमीन द्यायची दोन राज्यांच्या महसूल खात्यांनी. पाच पाहुण्यांच्या घरी चूल कोणी पेटवायची, तसं. आपल्या शेजारचं नाशिकच बघा ना, फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी दोन हजार कोटींच्या वर तरतूद जाहीर झाली होती. नाशिककर अजून सिटी बसचीच वाट बघतायत.

भुयारी मेट्रोला धनी होता म्हणजे काय, ते एका नावावरून सांगता येईल. अश्विनी भिडे या सनदी अधिकारी २०१५ पासून या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालक होत्या. आरेच्या कारशेडवरून, म्हणजे मेट्रोच्या गाड्या ठेवायच्या आगारावरून, मुंबई पेटली तेव्हा शिव्याही त्यांनाच पडल्या आणि उत्तरंही त्यांनीच दिली. जानेवारी २०२० मध्ये त्यांची बदली झाली, सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये त्या परत आल्या. त्यांचं बरोबर की चूक, हा वाद मुंबईकर अजून घालतील. माझा रस एवढ्यातच की भांडायला समोर नाव होतं. धुळे–नरडाणा मार्गाच्या जमिनीबद्दल भांडायचं तर नाव कुणाचं घ्यायचं? प्रांत म्हणतात मोजणी भूमी अभिलेखकडे, भूमी अभिलेख म्हणतं रेल्वेने पैसे भरले नाहीत, रेल्वे म्हणते निवाडा प्रांतांकडे. हे तीन दरवाजे फिरून आलेला शेतकरी आमच्याकडे गावोगाव भेटतो.

आता कुणी म्हणेल, मेट्रोचं एवढं कौतुक कशाला? तीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. अगदी कबूल. मूळ खर्च २३,१३६ कोटी होता. तो ३७,२७६ वर गेला, म्हणजे वाढ चौदा हजार कोटींची. नुसत्या वाढीव खर्चात मनमाड–इंदूरचा तीन चतुर्थांश भाग झाला असता, आणि हे त्रैराशिक मात्र मला रास्त वाटतं, कारण वाढ ही कुणाच्या तरी निर्णयाची किंवा अनिर्णयाची किंमत असते. २०२१ मध्ये धावायची गाडी २०२५ मध्ये पुरती धावली. कारशेडचा घोळ आठवा. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने हात धरेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारने कारशेडला स्थगिती दिली, पुढच्या वर्षी ते कांजूरमार्गला हलवायचं ठरवलं, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने कांजूरचं काम थांबवलं, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि गाडी पुन्हा आरेत. तीन वर्षांत तीन वळणं. रात्री झाडं तोडण्याची घाई हा निव्वळ माज होता असं माझं मत आहे. आणि माज करणाऱ्याला धनी असल्यामुळेच पकडता आलं, हेही त्यातच आलं.

प्रवाशांचंही तसंच. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा गर्दी अपेक्षेच्या कितीतरी खाली राहिली. मे २०२५ मध्ये वरळीपर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, २६ मेच्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसलं. जिन्यावरून धबधबा वाहतानाचे व्हिडिओ आमच्या जळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्या उत्साहाने फिरले तो उत्साह बघून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरात पाणी शिरलं म्हणून आपल्या विहिरीला झरे फुटत नाहीत.

गिरगावचं आणखी एक. तिथल्या जुन्या इमारतींतल्या रहिवाशांना मेट्रोसाठी घरं सोडावी लागणार होती. लोकांनी आवाज केला, त्याच भागात पुनर्वसनाचं ठरलं. प्रिन्सेस स्ट्रीटजवळ पारशांची दोन आतश बेहराम, म्हणजे अग्निमंदिरं, आहेत. भुयार त्यांच्या पवित्र जागेखालून जातं म्हणून समाज न्यायालयात गेला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. कुलाब्याच्या लोकांनी रात्रीच्या आवाजाविरुद्ध दाद मागितली, काही काळ रात्रीचं काम बंद राहिलं. ज्यांना कोर्टाची पायरी परवडते त्यांचं ऐकलं गेलं, असा याचा एक अर्थ निघतोच. नरडाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मुंबईचा वकील परवडत नाही. म्हणून तर त्याच्यासाठी एका ठिकाणी, एका नावाने उत्तर देणारं कुणीतरी जास्त गरजेचं आहे.

या मार्गिकेशी आपलं देणंघेणं नाही, असंही समजू नका. मुंबईचं आणि खानदेशचं रूळांचं नातं मेट्रोपेक्षा फार जुनं. बोरीबंदर–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, १८६५ मध्ये कसाऱ्याचा घाट ओलांडला गेला, आणि जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, गाडी खानदेशच्या कापसाच्या शेतांपासून थेट बंदरापर्यंत धावू लागली. तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि मुंबई त्या कापसावर गब्बर झाली. ज्या काळबादेवीखालून आज मेट्रो जाते तिथे कापसाचे सौदे व्हायचे. महालक्ष्मी, वरळी या स्थानकांच्या आजूबाजूला गिरण्यांची धुराडी होती. जीआयपीच्या उभारणीत ज्यांचा हात होता त्या नाना शंकरशेटांचं नाव मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकाला दिलंय. कर्ज फेडायचं आहे ते सरकारी तिजोरीतून, आणि त्या तिजोरीत रावेरच्या केळीवाल्याचा आणि दोंडाईच्याच्या मिरचीवाल्याचाही कर जातो. तेव्हा मेट्रो कशी चालते हे विचारायचा हक्क आपल्यालाही आहे.

आणि गरजही आहे. खानदेशातून मुंबईत शिरायच्या दोन वाटा. भुसावळ-जळगाव-चाळीसगावचा माणूस मध्य रेल्वेने दादर, सीएसएमटी नाहीतर कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरतो. नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेरचा माणूस सुरतेवरून पश्चिम रेल्वेने वांद्रे टर्मिनस, दादर किंवा मुंबई सेंट्रलला. रात्रभर बसून आलेला, डोळे तांबारलेले, एका हातात मंत्रालयातल्या कामाची फाईल, दुसऱ्या हातात कुणासाठी तरी आणलेली भरताची वांगी. तो जर सीएसएमटीला उतरला तर त्याची चांदी. खालच्या खाली मेट्रोत बसायचं, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि तिसरं स्थानक विधान भवन. मंत्रालय समोर. टॅक्सीवाल्याशी हुज्जत नाही.

दादरला उतरला तर मात्र कथा वेगळी. मेट्रोचं दादर पार पलीकडे, गोखले रोडच्या बाजूला. मध्य रेल्वेच्या फलाटावरून पूल चढायचा, अख्खं स्टेशन ओलांडायचं, पश्चिमेला उतरून फुलबाजाराच्या आणि फेरीवाल्यांच्या गर्दीतून बोजा सांभाळत चालायचं. नाव एक, जागा दोन. लोकमान्य टिळक टर्मिनस आणि वांद्रे टर्मिनस, जिथे बाहेरगावच्या गाड्या ओतल्या जातात, त्यांना तर ही मार्गिका शिवतच नाही. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना स्थानक आहे, लांबच्या गाड्यांच्या दोन टर्मिनसना नाही. मार्ग आखताना कोणता प्रवासी डोळ्यांसमोर होता, ते यावरून समजा. जळगावच्या आमदारांनी कधी विधानसभेत उभं राहून विचारलं का, की दादरला मध्य रेल्वेच्या पुलापासून मेट्रोपर्यंत छप्पर असलेला सरळ रस्ता का नाही? मुंबईचा प्रश्न मुंबईचे आमदार विचारतील, अशी आपली समजूत. पण मुंबईच्या आमदाराला वांग्याची पिशवी घेऊन तो पूल चढायचा नसतो.

आता शेवटी घरच्या भुयाराकडे येऊ, कारण मला तुलना खरी तिथेच करायची आहे. चाळीसगाव आणि कन्नडच्या मध्ये औट्रम घाट. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग याच घाटातून सातमाळ्याचा डोंगर चढतो. खानदेशातून मराठवाड्यात आणि पुढे दक्षिणेत जाणारा माल इथून जायचा. अरुंद वळणं, एक ट्रक आडवा झाला की दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल रांग, पोरंबाळं रात्रभर एसटीत उपाशी. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात घाटात दरडी कोसळल्या, त्याच दिवशी खाली चाळीसगावात पूर. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला. मालट्रक नांदगावकडून वळसा घालतात. चाळीसगावच्या ढाब्यांवर, टायरवाल्यांवर, गॅरेजवाल्यांवर त्याचा काय परिणाम झाला तो महामार्गावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतो.

इथे बोगदा हवा ही मागणी जुनी. आराखडे झाले, बदलले, खर्चाचे आकडे वर-खाली झाले, पुढाऱ्यांनी घाटात उभं राहून पाहणी केली, फोटो छापून आले. मुंबईखालच्या बसाल्टमध्ये दोन समांतर भुयारं, वर नांदतं शहर, जुन्या इमारती, नदी, देवस्थानं, कोर्टकचेऱ्या, हे सगळं सांभाळून बेचाळीस वेळा यंत्र आरपार गेलं. औट्रम घाटात वर वस्ती नाही, पुनर्वसन करायला चाळी नाहीत. अडचण आहे ती वनखात्याच्या जमिनीची, गौताळा अभयारण्य लागून असल्याची, आणि खर्च कुणाच्या खात्यावर घालायचा याची. यातलं एकही दगडापेक्षा कठीण नाही. अभयारण्याची काळजी तर घ्यायलाच हवी, आणि ती आरेसारखी रात्रीच्या अंधारात नव्हे, आधी बसून, बोलून.

कुणी म्हणेल की एका घाटासाठी कुठे स्वतंत्र कंपनी काढतात? नका काढू. एक अधिकारी नेमा, त्याच्याकडे दुसरं काम देऊ नका, आणि कामाच्या पायऱ्या मोजता येतील अशा लिहून काढा: वनजमिनीचा प्रस्ताव, भूगर्भाची तपासणी, निविदा, पहिला सुरुंग. महिन्याला एकदा चाळीसगावच्या नगरपालिकेबाहेर त्याचा फलक लावा. मनमाड–इंदूरसाठी धुळ्यात असाच एक, जळगाव–मनमाड चौथ्या मार्गिकेसाठी भुसावळला एक. ही चौथी मार्गिका नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालीय, १६० किलोमीटरची. ती केव्हा होते यावर आपल्या पॅसेंजर गाड्या मालगाड्यांसाठी पाचोऱ्याला किती वेळ उभ्या राहणार हे ठरणार आहे. पाचोऱ्याचंच निघालं म्हणून, पाचोरा–जामनेरची छोट्या रुळावरची लाडकी गाडी 'पीजे' करोनात थांबली ती थांबलीच. ती मोठ्या रुळावर येऊन बोदवडपर्यंत जाणार आहे. तिच्याही फलकाला पाचोऱ्यात जागा मिळेल.

विधान भवनाच्या दाराशी आता मेट्रोचं स्थानक झालंय. पुढच्या अधिवेशनात खानदेशच्या आमदारांनी त्या स्थानकातून वर यावं आणि 'आम्हाला मुंबईएवढा निधी द्या' हे भाषण एकदा तरी घरी ठेवावं. चाळीसगाव, कन्नड आणि धुळे, पक्ष कोणताही असो, तिघांनी मिळून एकच तारांकित प्रश्न टाकावा: औट्रम घाटाच्या बोगद्याची फाईल आज कोणत्या टेबलावर आहे, त्या टेबलामागच्या अधिकाऱ्याचं नाव काय, आणि यंत्र डोंगरात कोणत्या महिन्यात शिरणार? तोवर नांदगावच्या वळशात जळणाऱ्या डिझेलचा खर्च कोणत्या खात्याच्या नावावर धरायचा, तेही त्याच उत्तरात लिहून घ्यावं.